उतारवयातील मॅक्युलाचा ऱ्हास नेमका किती जणांना होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ७२ वर्षांच्या आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी नेले असता डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर वयाचे डाग असल्याचे आणि ही ‘एएमडी’ची, म्हणजे वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाची, सुरुवात असल्याचे सांगितले. घरी येऊन शोध घेतल्यावर मुलाला एका ठिकाणी हा आजार शंभरात दोघांना होतो असे आढळले, दुसऱ्या ठिकाणी शंभरात नऊ जणांना आणि तिसऱ्या ठिकाणी चाळीस जणांना. यातील खरे कोणते, आईची नजर जाणार का आणि पुढे आपल्यालाही हे होणार का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पडद्याच्या विकारांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हे तिन्ही प्रश्न मला जवळपास रोज विचारले जातात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ते तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या वयाच्या माणसांविषयी आणि आजाराच्या वेगवेगळ्या पायऱ्यांविषयी आहेत, एवढाच त्यांच्यातील फरक आहे. एएमडी किती जणांना होतो, या प्रश्नाला वय आणि पायरी सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही, आणि बहुतेक गैरसमज, तसेच बहुतेक अनावश्यक भीती, या दोन गोष्टी न सांगता आकडा पुढे केल्यामुळे निर्माण होतात.

आधी आजार कोणता ते पाहू. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग असतो, त्याला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. अक्षर वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, तांदूळ निवडणे, सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक कामे हा एवढासा भाग करतो, तर चालताना आजूबाजूचे भान ठेवणे हे उरलेल्या पडद्याचे काम असते. वय वाढत जाते तसे मॅक्युलाच्या पेशींमधून निघणारा टाकाऊ भाग पूर्वीसारखा साफ होत नाही आणि पडद्याखाली पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने साचू लागतो. या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात आणि डॉक्टर ‘वयाचे डाग’ म्हणतात ते बहुधा हेच असतात.

ठिपका किती मोठा आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान ठिपके उतारवयात कुणाच्याही डोळ्यांत सापडू शकतात आणि २०१३ साली तज्ज्ञांनी जी वर्गवारी ठरवली तिच्यात त्यांना आजार म्हटलेलेच नाही. ते केसांच्या पांढरेपणासारखे वयाचे लक्षण आहे. ६३ ते १२५ मायक्रॉनचे ठिपके असतील तर आजाराची सुरुवातीची पायरी, १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे ठिपके असतील किंवा पडद्याच्या रंगद्रव्यात बदल झाले असतील तर मधली पायरी धरतात. या दोन्ही पायऱ्यांवर नजर बहुधा चांगली असते, फार तर मंद उजेडात वाचायला थोडा त्रास होतो किंवा उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. नजर खऱ्या अर्थाने जाते ती शेवटच्या पायरीवर, आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात मॅक्युलाचा तुकडा हळूहळू झिजून जातो, हा कोरड्या प्रकाराचा शेवट होय. दुसऱ्यात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपते आणि मधली नजर काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही खालावते. हा ओला प्रकार.

आता आकड्यांकडे येऊ. २०१४ साली जगभरातील पाहण्या एकत्र करून एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार ४५ ते ८५ या वयोगटात कोणत्याही पायरीचा एएमडी सुमारे ८.७ टक्के लोकांत आढळतो. शंभरात नऊ हा आकडा इथून येतो. पण त्याच विश्लेषणात शेवटच्या पायरीचे प्रमाण अवघे ०.३७ टक्के होते, म्हणजे नऊपैकी साडेआठांहून अधिक जण नजर शाबूत असलेल्या पायरीवर होते. जगातील एकूण रुग्णांची संख्या २०२० साली १९ कोटी ६० लाख असेल आणि २०४० पर्यंत ती २८ कोटी ८० लाखांवर जाईल, हा वारंवार उद्धृत होणारा अंदाजही त्याच विश्लेषणातला आहे. तो वाचताना यातील बहुसंख्य लोक स्वतः वर्तमानपत्र वाचू शकतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

भारतापुरते बोलायचे तर आपल्याकडे या विषयावर चांगल्या पाहण्या झालेल्या आहेत, त्या पुरेशा वाचल्या जात नाहीत एवढेच. आंध्र प्रदेशात १९९६ ते २००० या काळात हैदराबाद शहर आणि तीन ग्रामीण भागांत जी डोळ्यांची मोठी पाहणी झाली तिच्यात चाळिशीपुढील लोकांत एएमडीचे प्रमाण १.८२ टक्के आढळले. शंभरात दोन हा आकडा तो. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत, त्याच वयोगटात, सुरुवातीच्या पायऱ्यांचे प्रमाण २.७ टक्के आणि शेवटच्या पायरीचे ०.६ टक्के निघाले. महाराष्ट्रात नागपूरजवळच्या आठ गावांमध्ये २००६ ते २००८ या काळात ३० वर्षांवरील ४७११ जणांची तपासणी झाली. तिथे शेवटच्या पायरीचे रुग्ण फारच थोडे सापडले, पण तपासलेल्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य वाटायला नको. तीस-चाळीस वर्षांच्या शेतकऱ्यांमध्ये म्हातारपणाचा आजार शोधला तर तो थोडाच सापडणार.

आपल्या आईंच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पाहणी आहे ती ‘इंडआय’ या नावाने ओळखली जाणारी, कारण तिच्यात फक्त ६० वर्षांवरील लोक होते. उत्तरेत गुडगाव आणि दक्षिणेत पुदुच्चेरी या परिसरांत ती झाली आणि २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या पडद्याची छायाचित्रे तिच्यात वाचण्यात आली. सर्वांत सौम्य बदल ३९.३ टक्के लोकांत होते, त्याच्या पुढची पायरी ६.७ टक्क्यांत आणि शेवटची पायरी १.२ टक्क्यांत. चाळीस टक्क्यांचा आकडा कुठून आला, हे यावरून उलगडेल. साठीपुढच्या दर पाच भारतीयांपैकी दोघांच्या पडद्यावर वयाची काहीतरी खूण असते, आणि नजर जाण्याइतका आजार साधारण ऐंशीत एकाला असतो. ही दोन वाक्ये एकत्र सांगितली तरच चित्र खरे राहते. पहिलेच सांगितले तर घाबरगुंडी उडते आणि दुसरेच सांगितले तर दुर्लक्ष होते.

तरीही ‘साठीपुढील’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण साठी आणि नव्वदी यांत या आजाराच्या बाबतीत फार मोठे अंतर आहे. युरोपीय वंशाच्या लोकांवरील अनेक पाहण्या एकत्र करून २०१२ साली जे गणित मांडले गेले ते मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवतो. शेवटच्या पायरीचे प्रमाण सत्तराव्या वर्षी १.४ टक्के, ऐंशीव्या वर्षी ५.६ टक्के आणि नव्वदाव्या वर्षी २० टक्के. दर दहा वर्षांनी जवळपास चौपट. मधुमेह किंवा रक्तदाब इतक्या ठरावीक वेगाने वयामागोमाग चढत जात नाहीत. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स या भागात नव्वदच्या दशकात झालेल्या पाहणीतही हेच दिसले. पंचावन्नच्या आत शेवटच्या पायरीचा एकही रुग्ण नाही आणि पंच्याऐंशीच्या पुढे १८.५ टक्के. त्या पाहणीतील ४९ वर्षांवरील सर्वांची सरासरी काढली की १.९ टक्के येते, आणि ती सरासरी पन्नाशीच्या माणसाला विनाकारण घाबरवते, तर पंच्याऐंशीच्या माणसाला विनाकारण निश्चिंत करते.

हे गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला कितपत लागू पडतात, असा रास्त प्रश्न येईल. आशियाई लोकांवरील पाहण्या २०१० साली एकत्र केल्या गेल्या तेव्हा ४० ते ७९ या वयोगटात शेवटच्या पायरीचे प्रमाण ०.५६ टक्के आढळले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गोऱ्या लोकांत ते ०.५९ टक्के होते. म्हणजे ऐंशीच्या आत फारसा फरक नाही. सुरुवातीची पायरी आशियात थोडी कमी आढळते आणि झिजेचा कोरडा शेवट तर युरोपीय लोकांच्या तुलनेत बराच कमी. उलट आपल्याकडे आणि पूर्व आशियात एक वेगळा उपप्रकार जास्त दिसतो, ज्यात पडद्याखालील रक्तवाहिन्यांना टोकाशी द्राक्षाच्या मण्यांसारखे फुगे येतात. त्याला पॉलिपॉइडल व्हॅस्क्युलोपॅथी म्हणतात. तो कधीकधी पन्नाशी-साठीतच येतो, डोळ्यात अचानक मोठा रक्तस्राव करतो आणि साध्या तपासणीत ओल्या एएमडीसारखाच दिसतो. ‘हा गोऱ्या लोकांचा आजार आहे’ असे मी शिकत असताना सर्रास सांगितले जाई. ते अर्धसत्य होते. आपल्याकडे तो कमी दिसत होता याचे एक मोठे कारण असे की त्या वयापर्यंत पोहोचणारी माणसेच कमी होती.

दुसरे कारण मोजणीत दडलेले आहे, आणि त्याविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न तिथे आहे. पडद्याची पाहणी करायची तर बाहुलीतून आतले दिसले पाहिजे. आपल्या खेड्यापाड्यांत सत्तरीच्या पुढच्या अनेकांच्या डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असतो आणि त्याच्या मागचा पडदा दिसतच नाही. ‘इंडआय’ पाहणीत मोठ्या संख्येने छायाचित्रे याच कारणाने वाचता आली नाहीत आणि ती माणसे आकडेवारीतून गळली. ती सर्वांत वयस्कर होती, म्हणजे जिथे आजार असण्याची शक्यता सर्वाधिक तिथलीच माहिती गहाळ. त्यातच जी आजी अंथरुणावर आहे किंवा जिला घरातील कुणी शिबिराच्या जागी आणून पोहोचवत नाही, ती मोजली जात नाही. तिसरी अडचण वयाचीच. बाह्यरुग्ण विभागात मी अजूनही वय विचारतो तेव्हा ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला रांगत होता’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतो’ अशी उत्तरे मिळतात आणि त्यावरून हिशेब करावा लागतो. ज्या आजारात दहा वर्षांच्या फरकाने प्रमाण चौपट होते, तिथे वयात पाच-सात वर्षांची चूक झाली तरी आकडा बदलतो. या तिन्ही कारणांमुळे भारतातील प्रमाण प्रसिद्ध आकड्यांपेक्षा कमी असण्याऐवजी थोडे जास्तच असावे, असे माझे मत आहे.

रुग्णालयाबाहेरची मोजणी तर याहून वाईट आहे. देशात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच निघाले, ६६.२ टक्के. त्यामुळे नजर कमी झाली की ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ हेच घराघरांत बोलले जाते, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पण ज्यांच्या बाबतीत ते खरे नसते त्यांचा वेळ त्या थांबण्यात निघून जातो. मोतीबिंदूची उत्तम शस्त्रक्रिया होऊनही ‘चेहरा दिसत नाही, पण पायातली चप्पल दिसते’ असे सांगणारे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या मधल्या नजरेला लागलेले ग्रहण दोन-तीन वर्षे जुने असते. शस्त्रक्रिया बिघडली असा घरच्यांचा समज झालेला असतो. तो दूर करणे आणि पडदा आधीच खराब होता हे समजावून सांगणे, हे माझ्या कामातील एक क्लेशदायक काम आहे. आपल्या आईंच्या बाबतीत हे मोतीबिंदूच्या आधीच लक्षात आले, ही फार चांगली गोष्ट घडली. जाता जाता हेही सांगतो, की सुरुवातीच्या किंवा मधल्या पायरीचा एएमडी आहे म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेमुळे हा आजार नक्की वाढतो असा पुरावा मिळालेला नाही.

एकूण माणसे किती, याचा ढोबळ हिशेबही मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोक सुमारे १० कोटी ४० लाख होते. त्यांना १.२ टक्के हे प्रमाण लावले तर शेवटच्या पायरीचे साधारण साडेबारा लाख रुग्ण होतात, आणि ६.७ टक्के हे प्रमाण लावले तर सुमारे ७० लाख लोक त्याच्या अलीकडच्या, लक्ष ठेवण्याजोग्या पायरीवर असतात. दोन ठिकाणच्या पाहणीवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधण्यात चूक संभवते, हे मान्य आहे. पण संख्या लाखांत आहे हे नक्की, आणि २०११ नंतर ज्येष्ठांची संख्या वाढतच गेलेली आहे. महाराष्ट्रात त्या जनगणनेच्या वेळी ज्येष्ठांचा वाटा ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा जास्त होता. मराठी घरांत हा शब्द यापुढे अधिक ऐकू येईल तो त्यामुळेच.

आता आईंचा प्रश्न. एखाद्या व्यक्तीला पुढे काय होईल याचा अंदाज बांधण्यासाठी लोकसंख्येतील प्रमाण उपयोगाचे नसते, तिच्या स्वतःच्या पडद्यावर काय आहे ते पाहावे लागते. अमेरिकेतील एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासातून यासाठी एक सोपी गुणपद्धती तयार झाली आहे. प्रत्येक डोळ्यात मोठे ड्रुसेन असतील तर एक गुण, रंगद्रव्याचे बदल असतील तर एक गुण, असे दोन्ही डोळ्यांचे मिळून शून्य ते चार गुण होतात. एका डोळ्यात शेवटची पायरी आधीच आलेली असेल तर त्या डोळ्याचे दोन गुण धरतात. पुढील पाच वर्षांत शेवटच्या पायरीवर जाण्याची शक्यता शून्य गुणांना सुमारे अर्धा टक्का, एकाला ३ टक्के, दोनाला १२, तीनाला २५ आणि चाराला ५० टक्के असते. ‘वयाचे डाग’ या एकाच शब्दाखाली अर्धा टक्का आणि पन्नास टक्के, दोन्ही येऊ शकतात, हे यावरून ध्यानात येईल. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना ठिपके लहान, मध्यम की मोठे, रंगद्रव्याचे बदल आहेत का आणि ते एका डोळ्यात की दोन्हींत, एवढे विचारून कागदावर लिहून घ्यावे. शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र आणि ओसीटी नावाचे पडद्याच्या थरांचे चित्रण करून ठेवावे, म्हणजे पुढे तुलनेला आधार मिळतो.

जे मधल्या पायरीवर आहेत त्यांच्यासाठी गोळ्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, पण तो नेमका किती हेही सांगितले पाहिजे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ठरावीक प्रमाणातील जीवनसत्त्व सी, ई, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाने पाच वर्षांत शेवटच्या पायरीवर जाण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. २०१३ च्या पुढील अभ्यासानंतर बीटा कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घेण्याची पद्धत रूढ झाली, कारण पूर्वी धूम्रपान केलेल्यांत बीटा कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसले. या गोळ्या गेलेली नजर परत आणत नाहीत, सुरुवातीच्या पायरीवर त्यांचा फायदा दिसलेला नाही, आणि निरोगी माणसाने प्रतिबंध म्हणून त्या घेण्यात अर्थ नाही. तरीही त्या सरसकट लिहून दिल्या जातात आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरांत दरमहा तो खर्च होत राहतो, याचे मला वाईट वाटते. पालक, मेथी, शेपू, मका, अंड्याचा पिवळा बलक हे पदार्थ ज्यांना चालतात त्यांनी नेमाने खावेत, ते कोणत्याही पायरीवर हिताचे आहेत.

शेवटच्या पायरीचे प्रमाण सांगताना कोरडा आणि ओला असा भेद करणे का महत्त्वाचे आहे, तर उपचारांमुळे. सर्व पायऱ्या धरल्या तर ओला प्रकार दहा-पंधरा टक्केच असतो, पण उपचार नव्हते त्या काळात एएमडीमुळे होणाऱ्या गंभीर दृष्टिनाशापैकी सुमारे नव्वद टक्के त्याच्या वाट्याचे होते. २००६ साली रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात द्यायचे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झाले आणि चित्र बदलले. ज्या चाचणीवरून ते मान्य झाले तिच्यात वर्षभरानंतर नजर बऱ्यापैकी टिकून राहिलेले रुग्ण उपचार घेणाऱ्यांत सुमारे ९५ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत ६२ टक्के. २०११ साली बेव्हॅसिझुमॅब हे बरेच स्वस्त औषध जवळपास तितकेच गुणकारी असल्याचे दाखवले गेले आणि आपल्या देशातील असंख्य रुग्णांना त्यामुळेच उपचार परवडले. डेन्मार्कमध्ये २००० ते २०१० या दशकात एएमडीमुळे येणाऱ्या कायदेशीर अंधत्वाचे नवे प्रमाण निम्म्यावर आले. तिथे आजार कमी झाला नव्हता, त्यापायी आंधळे होणाऱ्यांची संख्या कमी झाली होती. आपल्याकडे तसे होण्यात औषधापेक्षा उशिराचा अडसर मोठा आहे. इंजेक्शन सुरुवातीला दर महिन्याला एक याप्रमाणे तीन आणि पुढे गरजेनुसार वर्षानुवर्षे घ्यावे लागते. दोन इंजेक्शनांनंतर बरे वाटले म्हणून येणे बंद केलेले रुग्ण पुन्हा येतात तेव्हा पडद्याखाली व्रण तयार झालेला असतो आणि मग हाती काही उरत नाही. कोरड्या प्रकारातील झीज मंदावणारी दोन औषधे २०२३ साली अमेरिकेत मान्य झाली आहेत, मात्र ती झीज केवळ सावकाश करतात.

राहिला मुलाचा स्वतःचा प्रश्न. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार असेल तर आपला धोका इतरांच्या तीन-चार पट मानला जातो. यामागील जनुकीय दुवा २००५ साली स्पष्ट झाला, पण जनुक तपासणी करून घेण्याचा सल्ला मी देत नाही, कारण तिच्या निकालाने उपचार बदलत नाहीत. आणि चौपट कशाची, हेही पाहावे. पन्नाशीत मुळातच नगण्य असलेल्या शक्यतेची चौपटही लहानच राहते. आपल्या हातात असलेले सर्वांत मोठे कारण धूम्रपान हे आहे, त्याने धोका दुप्पट ते तिप्पट होतो, आणि आंध्रच्या पाहणीतही धूम्रपानाशी असलेला संबंध दिसला होता. विडी-सिगारेट ओढत असाल तर ती आजच सोडावी. मोबाइल आणि संगणकाच्या प्रकाशाने हा आजार होतो, असे माणसांवरील अभ्यासात सिद्ध झालेले नाही. उलट अमेरिकेतील बीव्हर डॅम येथील लोक आणि त्यांची पुढची पिढी यांची तुलना केली तेव्हा प्रत्येक पुढच्या पिढीत, त्याच वयाला, आजाराचा धोका साठ टक्क्यांहून अधिक घटलेला आढळला. एकूण रुग्णसंख्या वाढते आहे ती माणसे अधिक जगत असल्यामुळे. आपण पन्नाशीचे झाल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी एकदा करून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मी आपण होऊन सांगतो. मधली नजर बरीच गेलेल्या काही ज्येष्ठांना नसलेली माणसे, मुले, फुले, नक्षीची भिंत अशी दृश्ये स्पष्ट दिसतात. बुद्धी पूर्ण शाबूत असते, दृश्ये आवाज करत नाहीत आणि बहुधा ती खरी नाहीत हे त्यांना कळतही असते. १७६० साली शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांच्या बाबतीत याची नोंद केली आणि त्याचेच नाव या अवस्थेला मिळाले. आपल्याकडे ज्येष्ठ माणसे हे घरात बोलत नाहीत, कारण सून-मुलगा वेड लागले म्हणतील किंवा देवर्षीकडे नेतील याची त्यांना धास्ती असते. मी मुद्दाम विचारतो तेव्हा कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येते. ही अवस्था म्हणजे मेंदूला डोळ्याकडून पुरेशी माहिती न मिळाल्याचा परिणाम आहे, एवढे कळले तरी त्यांचे ओझे उतरते. हेही लक्षात असावे की एएमडी कितीही वाढला तरी कडेची नजर राहते, घरात वावरणे थांबत नाही, आणि भिंग, मोठी अक्षरे व भरपूर उजेड यांच्या साहाय्याने बरेच काही करता येते.

आईंसाठी घरी करायची तपासणी एकच आहे, ती मात्र नेमाने व्हावी. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पाच मिलिमीटरचे चौकडे असलेला आम्सलर तक्ता दवाखान्यातून मागून घ्यावा आणि रोजच्या देवपूजेच्या किंवा चहाच्या जागी लावावा. वाचायचा चष्मा घालून, तक्ता हातभर अंतरापेक्षा थोडा जवळ धरून, एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे पाहावे, मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा वाईटाचा दोष झाकून टाकतो आणि तपासणी फुकट जाते. तक्ता हाती येईपर्यंत खिडकीचे गज, दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषाही चालतील. एखादी सरळ रेष वाकडी, तुटलेली किंवा मध्येच पुसल्यासारखी नव्याने दिसली तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दोन-चार दिवसांच्या आत पडद्याच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि भेटीची वेळ मागताना फोनवर ‘रेष वाकडी दिसू लागली आहे’ हेच शब्द सांगावेत, म्हणजे पलीकडच्या माणसाला घाई कशाची आहे ते लगेच कळते.